कटर हातात घेण्याआधी

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

विडी कामगार बायांची चित्रं स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग फवारून, भिंतीवर उमटवायची, हा तुझा बेत मला फार आवडला. सोलापुरात त्यांच्या हातांवर किती घरं उभी आहेत! तू विचारलंस, चित्राखाली नाव न घालणं हीच ख्रिस्ती नम्रता ना? मला तसं वाटत नाही.

भिंतींवर स्टेन्सिलनेच चित्रं काढणाऱ्या इंग्लंडच्या बँक्सीने नाव लपवलं. लिलावात विकलं जाताच अर्धं कापलं गेलेलं त्याचं चित्र २०१८ मध्ये दहा लाख पौंडांच्या वर गेलं, आणि तेच २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर. त्याचं काम मला मोलाचं वाटतं, त्याला दोष देत नाही. पण लपवलेल्या नावालाही भाव येतो, हे ध्यानात ठेव.

मला काळजी आहे ती वेगळीच. स्टेन्सिल हे घाईचं काम. ब्लेक ल रा हा फ्रेंच भित्तिचित्रकार १९८१ पासून पॅरिसच्या भिंतींवर उंदीर उमटवत होता. १९९१ मध्ये काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराचं मरिया आणि बाळाचं चित्र भिंतीवर करताना पोलिसांनी त्याला पकडलं. म्हणून सगळं आधी घरी कापून न्यायचं, भिंतीपाशी फक्त फवारा. म्हणजे कोणाचा चेहरा कसा दिसणार, हे तू एकट्याने, खोलीचं दार लावून ठरवणार. गर्व शिरतो तो तिथे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाच. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, हे सगळ्यांना आठवतं. पेत्र नको म्हणतो, ते आपण भरभर वाचून पुढे जातो. त्याचा नकार दिसतो नम्र, पण प्रभूने काय करावं हे तोच ठरवू पाहतो. दुसऱ्याचा हात आपल्याला लागू देणं त्याला जड जातं.

तू त्या मावशींच्या घरी जा. जमिनीवर बस. पत्र्याचा साचा ठेवून त्या तेंदूपत्ता कसा कापतात, मांडीवरच्या सुपात बोटं कशी चालतात, ते नीट बघ. विचारून फोटो काढ. रेखाटन झालं की कापण्याआधी त्यांना दाखव. ‘चेहरा नको, नुसते हात काढ’ म्हणाल्या तर हातच काढ. मन खट्टू होईल, तरी काढ. भिंतीच्या मालकाचीही परवानगी घे. पुढे कोणी चुना फासला तर भांडायला जाऊ नकोस.

आणखी एक. ‘विडी’ लिहिताना ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडेल, त्याला बारीक पट्टीने बाजूशी जोडून ठेव. कॅन फार जवळ धरलास तर रंग शीटखाली पसरेल.

नाव घालायचं तर बारीक अक्षरात खुशाल घाल. मावशींना आवडलं तर त्यांचंही घाल, तुझ्या आधी. जुन्या एक्स-रे फिल्म तुझ्यासाठी जमवून ठेवल्यात, कागदापेक्षा जास्त टिकतात. रविवारी उपासना सुटली की घेऊन जा.

तुझा,
काका