मागून जाऊन मिठी मारली आणि ती किंचाळली

प्रश्न: ताई, मी सॅन डिएगोत राहते, वय ४८. मुलगी कॉलेजला गेली आणि घर खायला उठलं म्हणून एका शेल्टरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. तिथे राहणाऱ्या सगळ्या बायका आर्मी-नेव्हीतून बाहेर पडलेल्या, आणि आता राहायला घर नाही अशा. दर गुरुवारी संध्याकाळी माझी किचनची शिफ्ट असते. त्यातल्या एकीशी माझं छान जमलं होतं, माझ्याच वयाची आहे, इराकमध्ये आर्मीचे ट्रक चालवलेत तिने, माझ्या हातची खिचडी आवडीने खायची. मी तिला विचारायचे घरी कोण कोण असतं, आर्मी का सोडलीस, नवरा कुठे असतो, पण ती विषय बदलायची. मला राहवेना, मी म्हटलं आमची एक बेडरूम रिकामीच आहे, तू चल आमच्याकडे. ती हो-नाही काहीच बोलली नाही. पुढच्या गुरुवारी ती पाठमोरी उभी राहून कॉफी घेत होती, मी मागून जाऊन मिठी मारली तर ती किंचाळली, हातातला मग फेकला, मला ढकललं आणि नको नको ते बोलली. आता तिथल्या मॅडम म्हणतात थोडे दिवस येऊ नका आणि ट्रेनिंग परत करा. मी काय गुन्हा केला? मिस्टर म्हणतात सेवाच करायची तर मंदिरात कर, तिथे कोणी मग फेकून मारत नाही. सोडून देऊ का? की सॉरीचं कार्ड आणि छोटंसं गिफ्ट घेऊन जाऊ? आणि खोलीचं मी बोलून बसलेय, त्याचं काय?

उत्तर:

अगं, तुला काढलेलं नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं कर. काढायचं असतं तर ट्रेनिंग परत करा कशाला म्हणाल्या असत्या, थँक्यू म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. आणि तो कॉफीचा मग तुला मारायला फेकला असंही मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. दचकलेल्या माणसाच्या हातात जे असतं ते जातं कुठेतरी. गरम कॉफी कुणाच्या अंगावर पडली नाही हे नशीब म्हणायचं.

गुन्हा वगैरे नाही, पण कुठे काय केलंस ते कळायला हवं. अमेरिकेत माजी सैनिकांचं जे सरकारी खातं आहे, व्हीए म्हणतात सगळे, तिथे उपचारांना येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात की नोकरीत असताना तुमच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला होता का, आणि बायकांमध्ये साधारण तिघींमधली एक हो म्हणते. आणि हे करणारे शत्रू नसतात गं, पुष्कळदा आपल्याच युनिटमधले असतात, कधी तर वरचा साहेबच, ज्याच्याकडे तक्रार करायची तोच. तुझ्या मैत्रिणीचं असंच काही असेल असं मी म्हणत नाहीये. मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत असायची गरज नाही. नुसतं इराकमध्ये ट्रक चालवणं हेसुद्धा पुरेसं होतं, त्या युद्धात रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बनी अमेरिकनांचे सगळ्यात जास्त जीव घेतले आणि हे ट्रक त्याच रस्त्यांवरून जायचे. त्यात गंमत बघ, कागदोपत्री तेव्हा बायका लढाईत नव्हत्याच, लढाईच्या सगळ्या जागा त्यांना खुल्या झाल्या त्या २०१६ मध्ये. म्हणजे स्फोटाला सामोरं जायचं पण लढले म्हणायचं नाही. अशा बाईच्या पाठीमागून न सांगता येऊन दोन हात गळ्यात पडले तर शरीर आधी उत्तर देतं, माणूस ओळखीचं आहे का हे नंतर कळतं.

पण खरं सांगू का, मला मिठीपेक्षा तुझे ते प्रश्न जास्त खटकले. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे चौकशी करायची, कोयना एक्सप्रेसमध्ये बसलो की सातारा यायच्या आत समोरच्या बाईचा जावई कुठे नोकरीला आहे ते आपल्याला माहीत असतं आणि तिला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. शेल्टरमधल्या बाईला हेच प्रश्न दिवसभर केस मॅनेजर विचारत असते, डॉक्टर विचारतात, क्लेमचे कागद भरून घेणारे विचारतात, घराचा फॉर्म घेणारे विचारतात, लग्न झालं का, मुलं कुठे, आर्मीतून का बाहेर पडलात, आणि त्या सगळ्यांना उत्तर द्यावंच लागतं कारण घर त्यावर अवलंबून आहे. तुझ्याकडे यायचं तर फक्त ताटली पुढे करायची होती! उत्तर देणं भाग नाही असं तिथलं बहुतेक तू एकच माणूस होतीस, आणि तूही विचारायला लागलीस.

काही वाचकांना वाटेल की सैनिक आणि बेघर, हे कसं काय. आपल्या डोळ्यापुढे येतो तो साताऱ्याकडच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावातला रिटायर्ड हवालदार, पेन्शन चालू, कँटीनचं कार्ड, बँकेत सिक्युरिटीची नोकरी. तिकडे पेन्शन साधारण २० वर्षं नोकरी झाली तर, आणि बहुतेक जण चार-सहा वर्षांत बाहेर पडतात. बाकी सवलती असतात, शिक्षणाला पैसे, घराच्या कर्जाला हमी, दवाखाना, पण ते सगळं नोकरी सोडताना मिळणाऱ्या डीडी-२१४ नावाच्या एका कागदावर काय लिहिलंय त्यावर. शेरा वाईट असला की पुष्कळ दारं बंद. जिच्यावर अत्याचार झाला ती त्यानंतर कामात चुकायला लागली, रजा न घेता पळाली, दारू प्यायला लागली आणि त्यावरून तिलाच वाईट शेरा देऊन घालवली, असंही झालेलं आहे. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत तिथे ३२,८८२ माजी सैनिक बेघर होते. बायका या मोजणीत कमीच सापडतात कारण त्या सहसा फुटपाथवर झोपत नाहीत, गाडीत झोपतात, कुणाच्या तरी सोफ्यावर, नाहीतर मारणाऱ्या नवऱ्याकडे परत.

आता खोलीचं. नको. तुझा हेतू चांगला होता पण नको, आणि शेल्टरच्या मॅडमना तू स्वतःहून सांग की मी असं बोलले होते, त्यांना दुसरीकडून कळायच्या आत. उद्या पटलं नाही तर तू तिला घराबाहेर काढणार आहेस का? पण त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. बेघर माजी सैनिकांसाठी हड-व्हॅश म्हणून योजना आहे, त्यात भाड्याचं व्हाउचर मिळतं आणि सोबत व्हीएची केस मॅनेजर. बाई आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरते, बाकीचं भाडं सरकारी ऑफिसातून थेट घरमालकाला जातं. हे मिळायला माणूस कागदावर बेघर असावं लागतं. ती तुझ्या गेस्टरूममध्ये येऊन राहिली की ती बेघर धरायची का नाही, इथूनच वाद सुरू. तुझ्या चार महिन्यांच्या पाहुणचारापायी तिचं कायमचं घर लांबणीवर पडू शकतं. ती गप्प राहिली ना तेव्हा, मला वाटतं तिला हे पक्कं माहीत होतं, तुला तोंडावर नाही म्हणवेना एवढंच.

कार्ड नको, गिफ्ट तर नकोच, बहुतेक ठिकाणी एकीलाच वेगळं काही द्यायला मनाई असते आणि ती मनाई बरोबरच आहे. मॅडमना विचार की मला तिला सॉरी म्हणायचंय, चालेल का तिला? ती हो म्हणाली तर समोरून जा, थोडं अंतर ठेवून उभी राहा, दाराची वाट अडवू नको, आणि एवढंच बोल की न विचारता हात लावला, परत नाही लावणार. बास. रडायचं नाही, मला किती वाईट वाटलं ते सांगत बसायचं नाही, नाहीतर समजूत तिला घालावी लागेल तुझी. ती नाही म्हणाली तर भांडी घासायला लाग. आणि मधल्या काळात अगदीच घरी बसवत नसेल तर कपडे-सामान लावायचं काम माग, अंतर्वस्त्रं, पॅड, मोजे हे सगळं नवं कोरं लागतं, मंडळाच्या ग्रुपवर आवाहन केलं की लोक कपाटं रिकामी करून जुने ड्रेस आणून टाकतात, ते मात्र होऊ देऊ नको. तुझ्या शहरातच १९८८ मध्ये व्हिएतनामच्या युद्धातून आलेल्या लोकांनी बेघर माजी सैनिकांसाठी स्टँड डाउन सुरू केलं, तीन दिवस तंबू टाकून जेवण, डॉक्टर, कोर्टाची कामं सगळं एका जागी, आता देशभर होतं. तिथे असल्या कामाला हात कमीच पडतात. एक मात्र लक्षात ठेव, कुणी जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा केली तर तू समुपदेशक होऊ नकोस, स्टाफला हाक मार, आणि ९८८ लावून १ दाबायचा, ती माजी सैनिकांसाठीची लाइन आहे.

राहता राहिले मिस्टर. मंदिरात कर म्हणतात ते तुझ्या काळजीपोटीच म्हणत असतील, तरी मला तो टोमणा नाही आवडला. सोडायचं का ते ट्रेनिंग करून मग ठरव, मला विचारशील तर गुरुवार सोडू नको. आणि ट्रेनिंग होईपर्यंत त्यांनाच कामाला लाव. तुमच्या ओळखीत एखादा जास्तीचा काँडो, म्हणजे फ्लॅट, घेऊन भाड्याने देणारी मंडळी कमी नसणार, आपली माणसं घर घेण्यात मागे कधी नसतात! हातात व्हाउचर असून घर मिळत नाही ही तिथली खरी रड आहे, मालक व्हाउचर म्हटलं की नाक मुरडतात. कॅलिफोर्नियात २०२० पासून नुसतं व्हाउचर आहे म्हणून नाही म्हणायची कायद्याने बंदी आहे, तरी मालक फोनच उचलत नाहीत, परत कॉल करत नाहीत, असं चालतं. मिस्टरांना म्हणावं मित्रांना विचारा, कुणाचा काँडो रिकामा होतोय का, भाड्याचा मोठा वाटा दर महिन्याला सरकारकडून थेट येतो, काही अडलं तर केस मॅनेजरला फोन करता येतो. कुणी तयार झालं तर नंबर शेल्टरच्या मॅडमकडे द्यायचा, घर कुणाला द्यायचं ते त्या आणि व्हीएवाले बघतील, तुझ्या मैत्रिणीलाच मिळालं पाहिजे असा हट्ट नको. आणि ग्रुपवर मेसेज टाकताना त्यात तिची गोष्ट, शेल्टरचा पत्ता, किचनमधला फोटो यातलं काही म्हणजे काही टाकायचं नाही, त्यातल्या कितीतरी जणींना शोधत कुणीतरी फिरत असतं.