वाचकांचे प्रश्न : बुचे, कॅन आणि गोणपाटांची शिल्पे

प्रश्न : स. न. वि. वि. मी कोल्हापुरातील निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. शिल्प म्हटले की शाडू, दगड किंवा ओतीव कांस्य, हेच आम्ही शिकलो आणि पुढे शिकवले. अलीकडे माझ्या नातीने मला आफ्रिकेतील आजच्या शिल्पकारांच्या कामांची छायाचित्रे दाखवली. दारूच्या बाटल्यांची बुचे, पेट्रोलचे प्लास्टिकचे कॅन आणि मोडक्या बंदुका यांपासून केलेली ही शिल्पे मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, असे ती सांगते. आम्ही शाळेत मुलांकडून ‘टाकाऊतून टिकाऊ’ करून घेत असू, त्याहून यात वेगळे ते काय? चांगले साहित्य परवडत नाही म्हणून तिकडचे कलावंत याकडे वळले असावेत का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती अनेकांच्या मनात असते. मेणाचा साचा वितळवून त्या जागी धातू ओतण्याची जी रीत आपल्याकडचे ओतारी जाणतात, त्याच रीतीने आजच्या नायजेरियातील इफे येथे कित्येक शतकांपूर्वी इतके सजीव चेहरे घडवले गेले, की पाश्चात्त्य अभ्यासकांना सुरुवातीला ते आफ्रिकेतले आहेत हे मान्य करणेच जड गेले. तिथल्याच जुन्या बेनिन राज्यातील (आजचा बेनिन हा शेजारचा देश निराळा) पितळी शिल्पे तर ब्रिटिश सैन्याने १८९७ साली लुटून नेली. तेव्हा धातू, कसब किंवा परंपरा यांच्या अभावामुळे कोणी बुचांकडे वळले, असे म्हणता येत नाही. एल अनात्सुई यांचेच उदाहरण घ्या. १९४४ साली घानात जन्मलेल्या या शिल्पकाराने कुमासी येथे रीतसर कलाशिक्षण घेतले, १९७५पासून नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात शिल्पकला शिकवली आणि बरीच वर्षे लाकूड व माती या माध्यमांत काम केले. मद्याच्या बाटल्यांची टाकून दिलेली बुचे त्यांच्या हाती लागली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस. ती त्यांनी निवडली, आणि या निवडीतच सारे मर्म आहे.

आता ‘टाकाऊतून टिकाऊ’विषयी. शाळेतल्या त्या तासाला मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु तिथे बाटलीची फुलदाणी होते तेव्हा आपण तिच्यावर रंग चढवतो, टिकल्या लावतो, आणि ती मुळात बाटली होती हे पाहणाऱ्याला जितके कमी जाणवेल तितके मुलाचे कौतुक अधिक करतो. या शिल्पकारांची दिशा नेमकी उलटी आहे. वस्तूने आपली ओळख विसरू नये, ती कोठून आली, कोणाच्या हातून गेली आणि कोणी ती फेकली हे तिने सांगावे, यासाठीच त्यांनी ती घेतलेली असते. असे काम पाहताना मी मनाशी एक प्रश्न विचारतो, तो आपणही विचारून पाहावा : हेच शिल्प कांस्यात ओतले तर काय हरवेल? काहीच हरवत नसेल, तर ते साहित्य केवळ नाविन्यासाठी घेतले आहे असे समजावे. असे कामही पुष्कळ होते, आणि जुन्या भंगाराला मागणी आल्यापासून ते वाढले आहे, हे मान्य केले पाहिजे.

या कसोटीला पुरेपूर उतरणारे काम म्हणून मी बेनिन देशातील पोर्तो नोव्हो येथे १९६२ साली जन्मलेल्या रोम्युआल्ड हाझूमे यांच्या ‘ला बूश द्यु रुआ’ या रचनेचा उल्लेख करीन. नावाचा अर्थ ‘राजाचे मुख’. ज्या किनाऱ्यावरून गुलामांची जहाजे सुटत, त्या ठिकाणाचे ते नाव आहे. शेजारच्या नायजेरियातून स्वस्त पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून मोटारसायकलींवरून चोरट्या मार्गाने बेनिनमध्ये आणले जाते. अधिक पेट्रोल मावावे म्हणून हे कॅन आगीवर शेकून फुगवतात, वारंवारच्या वापराने त्यांचे प्लास्टिक विरत जाते आणि शेवटी ते फेकून दिले जातात. हाझूमे यांनी अशा कॅनचे तळ कापले, तेव्हा मूठ नाकासारखी आणि तोंड माणसाच्या उघड्या तोंडासारखे दिसू लागले. असे ३०४ मुखवटे त्यांनी जमिनीवर दाटीवाटीने मांडले. ‘ब्रुक्स’ या जहाजात गुलामांना कसे कोंबले जाई हे दाखवणारा जो आराखडा अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये छापला गेला आणि ज्याने तिथल्या लोकमताला हादरा दिला, त्याच आराखड्याप्रमाणे ही मांडणी आहे. सोबत कवड्या, तंबाखू, मसाले, मद्याच्या बाटल्या, म्हणजे माणसांच्या बदल्यात दिला जाणारा माल आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाल्याला २००७ साली दोनशे वर्षे झाली, त्या वर्षी हे काम ब्रिटिश म्युझियममध्ये मांडले गेले. फुगेपर्यंत भरायचे, झिजेपर्यंत वापरायचे आणि मग टाकून द्यायचे, हे कॅनचे नशीब त्या काळच्या गुलामाचे होते आणि जीव धोक्यात घालून पेट्रोल वाहणाऱ्या आजच्या तरुणाचेही आहे. कांस्यात हे मुखवटे अधिक देखणे झाले असते, पण ही गोष्ट त्यांना सांगता आली नसती.

बंदुकांची गोष्ट मोझांबिकमधली आहे. तिथले यादवी युद्ध १९९२ साली संपले, तरी घराघरांत पुरलेली शस्त्रे उरली होती. १९९५ साली तिथल्या ख्रिस्ती परिषदेने ती शस्त्रे जमा करून बदल्यात नांगर, सायकली, शिवणयंत्रे देण्याची मोहीम सुरू केली. निकामी केलेल्या बंदुका कलावंतांकडे गेल्या, आणि केस्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्तोवाओ कान्यावातो यांनी २००१ साली त्यांची एक खुर्ची घडवली. तिच्यात पोर्तुगालच्या रायफली आहेत, तशाच सोव्हिएत गटातील देशांतून आलेल्याही आहेत. मेले मोझांबिकचे लोक, पण हत्यारे बाहेरून आली, हे सांगायला तिथे निराळा फलक लागत नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात शिल्पकलेचे शिक्षण घेत आहे. अनात्सुई यांची कामे भिंतीवर पडद्यासारखी टांगलेली दिसतात. त्यांना शिल्प का म्हणायचे? आणि असे काम इथे करायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तुमच्या आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना तुम्ही पाहिले असेल, तर पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्यापाशी आहे. वाकळेचा एकेक तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे घरातल्या बाईला सांगता येते. अनात्सुई यांच्या कार्यशाळेत स्थानिक तरुण ॲल्युमिनियमची बुचे व त्यांच्या पट्ट्या चेपून, दुमडून, छिद्रे पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात, आणि त्यांतून घानातील केंटे या विणलेल्या वस्त्राची आठवण देणारे विशाल धातुपट तयार होतात. त्यांचे वडील स्वतः केंटे विणत असत. मद्य हा युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेला माल होता आणि गुलामांच्या खरेदीत तो वापरला गेला, हे ध्यानात घेतले की त्या सोनेरी झळाळीत दडलेला इतिहास दिसू लागतो. या पटाला ठरलेला आकार नसतो. दर वेळी टांगणारे त्याला नव्या चुण्या, नवे उंचसखलपण देतात. अवकाशाला आकार देणारी वस्तू ती शिल्प, ही व्याख्या मान्य असेल तर शंकेला जागा राहत नाही. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जीवनभराच्या कार्याबद्दल त्यांना सुवर्णसिंह देण्यात आला.

दुसऱ्या प्रश्नाबाबत एकच विनंती करतो : बुचे गोळा करू नका. ती न्सुक्काची गोष्ट आहे. घानाचे इब्राहिम महामा कोको भरण्याची जुनी गोणपाटे व्यापाऱ्यांकडून नव्या गोण्यांच्या बदल्यात घेतात; आशियात विणलेली ही पोती आधी कोको, मग धान्य, शेवटी कोळसा वाहतात आणि त्यांवर मालकांची नावे व खुणा उरतात. अशा पोत्यांनी त्यांनी २०१७ साली जर्मनीतील कासेल येथील एक जुनी इमारत झाकली. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर जाऊन पाहा, हमालांच्या पाठीवर रोज काय घासले जाते ते विचारा. उद्यमनगरातील लेथखाली साचणारा लोखंडाचा कीस, चपलांसाठी कातडे कापल्यावर उरणारे तुकडे, पंचगंगेच्या पुरानंतर घराबाहेर काढलेले भिजके सामान, यांतले काय तुमचे आहे हे तुम्हीच ठरवायचे आहे. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली रोमन समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे, तीही एकदा पाहून या. इथला व्यापार कोठवर पोचला होता, हे ती एकटी सांगते. साहित्य आणण्याआधी ते ज्यांच्या हातून येते त्या माणसांशी बोला, वही जवळ ठेवा, आणि निदान महिनाभर काहीही जोडू नका.