त्रेचाळीस फोटो, एकच जागा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सायकल दुरुस्तीच्या दुकानातले तुझे ४३ फोटो पाहिले. सुटे पाहिले तर सहा-सात चांगले आहेत. ओळीने लावले की मात्र एकच फोटो पुन्हा पुन्हा पाहतोय असं वाटतं. सगळे तू उभ्याने, साधारण दीड मीटरवरून काढलेत. दुरुस्ती करणारे काका खाली बसलेले आणि कॅमेरा वर, त्यामुळे जिकडेतिकडे त्यांचं डोकं आणि पाठ. हात, चेहरा आणि चाक एका चौकटीत कुठेच येत नाहीत. नवी लेन्स घेऊन हे सुटणार नाही, गुडघे टेकावे लागतील.

तांत्रिक भाग आधी उरकून टाकू, तो त्यातल्या त्यात सोपा आहे. बहुतेक फायलींत शटर १/४० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/१.८ (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २०० दिसतं. तुझ्या एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर ५० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ७५ मिमीइतकं दृश्य दाखवते, म्हणजे 'एक भागिले मिमी' या ढोबळ हिशोबाने नुसता कॅमेरा हलू नये म्हणूनच किमान १/८० हवं. काम करणाऱ्या हातांना १/२५० आणि हातोडीच्या घावाला १/५०० किंवा त्याहून जलद. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुझ्या हाताचा कंप सावरतं, त्यांच्या हाताची हालचाल नाही. शिवाय दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. पाना लखलखीत आणि बोटं धूसर, हे त्यामुळेच झालं. एफ/२.८ ला ही खोली साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास जाते. एफ/२.८ आणि १/२५० ठेवलं तर त्याच उजेडात आयएसओ ३२०० च्या घरात जाईल. जाऊ दे. दाणे दिसले तरी फोटो वाचता येतो, हललेला फोटो मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. ऑटो आयएसओ लावून किमान शटर १/२५० आणि कमाल आयएसओ ६४०० एकदाच ठरवून टाक, म्हणजे तिथे बटणांशी खेळत बसावं लागणार नाही.

दाराकडे तोंड करून काढलेल्या फोटोंत चेहरे काळे पडलेत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या चौकटीचा उजेड मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. मागे लख्ख दार असलं की तो एकूण उजेड कमी करतो आणि माणूस अंधारात जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा जास्त उजेड) +१ ते +१.७ दे, किंवा दोन पावलं सरकून दार बाजूला घे. मी सरकणंच पसंत करेन, कारण बाजूचा उजेड हातावरच्या शिरा आणि ग्रीसचे डागही दाखवतो. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावल्या बऱ्याच उचलता येतात, पण पूर्ण जळालेलं पांढरं परत येत नाही, म्हणून स्क्रीनवर लुकलुकणारा हायलाइटचा इशारा सुरू ठेव.

आता खरी अडचण. काम कसं चालतं हे कळण्याआधीच तू कॅमेरा उचललास. पंक्चर काढण्याचा क्रम पाहा: टायर सोडवून ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, पुसून घासायचं, सोल्यूशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं, ठिगळ दाबायचं. हा क्रम पाठ असला की पुढच्या क्षणी कुठे असायचं ते आधीच कळतं. यात कुतूहलाचा एकच क्षण आहे: बुडबुडा. तोच तुझ्याकडे नाही. त्यासाठी ट्यूब पाण्यात जाण्याआधीच टबाच्या कडेशी, पाण्याच्या पातळीला जाऊन बस. उजेड पलीकडून येऊ दे, म्हणजे गडद पाण्यावर बुडबुडे चमकतील. पाण्यावर ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून ट्यूब धरलेल्या बोटावर फोकस लॉक कर. सोल्यूशन सुकेपर्यंत हातात थोडा वेळ असतो, दुकानाचा लांबून फोटो तेव्हा घे. 'पुन्हा एकदा करून दाखवा' असं म्हणू नकोस. पुढचं पंक्चर येईलच.

पाच चौकटींची एक जुनी युक्ती आहे, बातम्यांचे व्हिडिओ करणारेही ती वापरतात: जवळून हात, जवळून चेहरा, हात आणि चेहरा मिळून, खांद्यावरून (ते जे पाहतात ते), आणि एक अनपेक्षित कोन. सुरुवातीला ही निमूटपणे पाळ, मोडायची नंतर.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे शेतमजुरांच्या तळावर एका आईचे फोटो काढले. जगाला त्यातला एकच ठाऊक आहे, पण त्याच भेटीतले बाकीचेही पाहायला मिळतात. लांबच्या फोटोत सगळा तंबू आहे, गाजलेल्या फोटोत आई आणि मुलं जेमतेम मावतात. ते शेजारी ठेवून पाहा, अंतर बदललं की अर्थ कसा बदलतो ते दिसेल. त्याच भेटीतली चूकही लक्षात ठेव: त्या बाईंचं नाव लिहून घेतलं गेलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांपुढे आलं ते थेट १९७८ साली. तुझ्या ४३ फोटोंखालीही काकांचं नाव नाही. ते त्यांनाच विचारून, त्यांच्यासमोर लिही. तारीख, जागा आणि त्या क्षणी काय चाललंय, हेही. 'श्रमाचं सौंदर्य' ही कॅप्शन नव्हे.

निवड स्क्रीनवर करू नकोस. ४ × ६ इंचाचे साधे प्रिंट काढ आणि जमिनीवर पसर. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक उचल. मग उरलेल्यांतला एकेक झाकून बघ: काही अडलं नाही, तर तोही गेला. आठ-दहा उरतील. सगळ्यात देखणा फोटो पहिला ठेवायचा मोह होईल, तो टाळ. पहिल्या फोटोने आत बोलवायचं असतं, बुडबुडा तिसरा-चौथा येऊ दे.

येत्या आठवड्यात तीनदा जा, तीच लेन्स घेऊन. पहिल्या दिवशी काकांसाठी दोन चांगले प्रिंट ने आणि निदान अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेव. पुढच्या वेळी मला निवडलेले नकोत, काढलेले सगळे पाठव, काढले त्याच क्रमाने. फायलींची नावं बदलू नकोस. मधले क्रमांक गायब असले की काय पुसलंस ते मी विचारणारच.