एका माणसापुरती पिठी

"मॅडम, आई जाऊन अकरा महिने झाले, बाबा अजून नीट जेवत नाहीत, डबा लावून दिलाय तरी वजन उतरतंच आहे, मला वाटतं ते डिप्रेशनमध्ये गेलेत, गोळ्या सुरू कराव्या लागतील का?"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि असा फोन मला महिन्यातनं दोनतीनदा तरी येतो. कधी बाबांच्या जागी आई असते, कधी सासरे, कधी फोन पुण्याहून असतो तर कधी तिकडे अमेरिकेतनं, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असताना. प्रश्न साधारण हाच. म्हणून म्हटलं यातली एक केस जरा निवांत लिहावी. काकांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्यांनी अट एकच घातली, "बाकी काय बदलायचं ते बदला, पिठीचं प्रमाण बदलू नका."

काका ६७ वर्षांचे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, मूळ गाव कुडाळच्या बाजूला, राहायला डोंबिवलीत. काकू अचानक गेल्या, रात्री झोपल्या आणि पहाटे हार्ट अटॅक, हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. मुलगी एकच, पुण्यात नोकरी करते. तीच त्यांना घेऊन आली, म्हणजे ओढूनच आणलं म्हणा ना. काका अख्खा तास मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, बस आली की उठून जाणार असल्यासारखे.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे त्यांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. हे मुद्दाम सांगते, कारण घरात मृत्यू झालेला असला की पुढचं सगळं आपण दुःखाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. साठीनंतर वजन उतरायला शुगर, थायरॉइड, दात, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, काहीही कारण असू शकतं. काकांची कवळी सैल झाली होती! डब्यातली गार पोळी चावताच येत नव्हती त्यांना. मुलीला सांगितलं का, तर नाही. का नाही, तर "ती लगेच रजा टाकून आली असती."

दुसरं, मी सरळ विचारलं, की काका, मरून जावं असं वाटतं का, तसा काही विचार येतो का. मुलीला आधी बाहेर बसवलं होतं. लोकांना वाटतं असं विचारलं की विचार डोक्यात घालून दिल्यासारखं होईल, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. काका म्हणाले, "मरायचं नाहीये मॅडम. पण जेवायचं कशाला ते कळत नाही." हे उत्तर वेगळं आलं असतं तर त्याच दिवशी सायकायट्रिस्टकडे पाठवलं असतं. (घरात कोणाचं उत्तर तसं आलं तर माणसाला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, आणि सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.)

आता माझी चूक. मी त्यांना आम्ही देतो तसा एक तक्ता दिला, दिवसातनं तीनदा मूड लिहायचा, काय केलं ते लिहायचं. पुढच्या आठवड्यात तो तक्ता इतका सुबक भरून आला की काय सांगू, पट्टीनं रेघा मारलेल्या. सकाळ ठीक, दुपार ठीक, संध्याकाळ ठीक, शेरा काही नाही. सातही दिवस. गाडी तपासून मार्गावर सोडल्यासारखी सही पण होती खाली.

मग मी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, काल रात्री डब्यात काय होतं?

"पनीर."

परवा?

"पनीरच असेल. सोमवारी असतं, गुरुवारी असतं, मधे एकदा कोफ्ता की काय ते." मग जरा थांबून, "पोरगी चांगलेच पैसे देते हो त्याचे, अन्न वाईट नाहीये." खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. मुलगी रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करून ताट बघायची. काका ताट वाढून घ्यायचे, कॅमेऱ्यासमोर धरायचे, फोन ठेवला की सगळं परत डब्यात आणि डबा खाली वॉचमनकडे. स्वतः दुधात बिस्किटं बुडवून झोपायचे. अकरा महिने! वॉचमनची तब्येत मात्र सुधारली असणार.

"मग तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता, आणि मीही तिसऱ्या सेशनला विचारत होते. बराच वेळ गेला. मग पिशवीकडे बघत म्हणाले, "पिठी."

मी आपली नाशिककडची, मी म्हटलं पिठलं का? तर काका पहिल्यांदा ताठ बसले. "पिठलं नव्हे. पिठलं बेसनाचं. पिठी कुळथाची." आणि पुढची दहा मिनिटं हा माणूस बोलत होता. कुळीथ आधी भाजायचे, भरडून सालं काढायची आणि मग दळायचं, तेव्हा त्या पिठाला तो वास येतो. तेलात मोहरी आणि ठेचलेली लसूण, मिरची, पाणी, दोन सोलं म्हणजे आमसुलं, पीठ गार पाण्यात कालवून ओतायचं आणि ढवळत राहायचं. वर ओलं खोबरं. बाजूला उकड्या तांदळाचा भात, असलाच तर भाजलेला सुका बांगडा, नसला तर पापड. पावसात मासळी नसते, बाजार लांब, घरात काही नसतं, तेव्हा पिठी. आजारी माणसाला पिठी. उशिरा घरी आलं की पिठी. पाहुण्याला मात्र कोणी वाढत नाही. काकू म्हणायच्या, "पिठी पातळच व्हयी, भातार ओतली काय खाली पळाक व्हयी," कारण निवली की ती आपोआप घट्ट होते, चुलीवर असतानाच घट्ट केली तर ताटात गोळा.

एवढं सगळं तोंडपाठ असलेला माणूस ती करून का खात नव्हता? स्वयंपाक येत नाही हे एक झालं. दुसरं कळायला अजून दोन सेशन गेले.

काकू गेल्या त्याच्या आदल्या रात्री घरात पिठीच होती. सलग दुसऱ्या दिवशी. काका बाहेरनं दमून आले, ताटावर बसले आणि म्हणाले, "आज पण पिठीच?" बस, एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. काकू काही बोलल्या नाहीत, उठल्या, गॅसवर पापड भाजला आणि त्यांच्या ताटात आणून ठेवला. पहाटे गेल्या.

"चाळीस वर्षं जेवलो हिच्या हातचं, आणि शेवटचं काय बोललो तर हे."

मी यावर काही समजूत घातली नाही. "अहो काका, त्यात काय एवढं, सगळेच बोलतात" हे त्यांना नातेवाइकांनी सांगून झालं असतं, पण काकांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण हेच ऐकायला मिळणार हे माहीत होतं. आपल्याकडे तेराव्याला माणसाला धीर देणारे शंभर असतात, पण शेवटचं बोलणं काय झालं हे कोणी विचारत नाही. मी विचारलं, पापड ठेवताना काकूंचा चेहरा कसा होता? त्यांनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाले, "हसत होती बहुतेक. मला डिवचायला पापड दिला असणार, घे तुझी फाइव्ह स्टार." आणि रडले. मांडीवरची पिशवी त्या दिवशी पहिल्यांदा खाली ठेवली होती.

पुढच्या वेळी त्या पिशवीतनं एक स्टीलचा डबा निघाला. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर काकूंच्या अक्षरात "कुळीथ" आणि गावाहून पीठ आणल्याची तारीख. आत पिठाला जाळी धरलेली, पोरकिडे फिरतायत. काकांना ते टाकवतही नव्हतं आणि उघडवतही नव्हतं, मुलीनं दिवाळीला साफसफाईत हात लावला तर तिच्यावर ओरडले होते, आणि तिला वाटलं बाबांना आपण घरात नकोसे झालोय. बघा, डब्यात पीठ अर्धा किलोसुद्धा नाही आणि त्यावरनं बापलेकीत केवढं रामायण. आम्ही ठरवलं ते एवढंच की पीठ जाणार, डबा आणि पट्टी राहणार. पीठ काकांनी स्वतः गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं. नवीन पीठ भावजयीनं गावाहून कोणाबरोबर तरी तुतारी एक्सप्रेसनं पाठवलं, ते आणायला ते स्वतः दादरला गेले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा डोंबिवलीच्या बाहेर, आमचं क्लिनिक सोडून.

मी होमवर्क दिलं ते असं: आठवड्यातनं दोन रात्री पिठी-भात स्वतः करायचा, बाकी दिवस डबा चालेल, पण डबेवाल्या बाईंना सांगून पोळीऐवजी मऊ भात आणि साधं वरण. मूड लिहायचा नाही. पिठी कशी झाली ते लिहायचं. आमच्या भाषेत याला वर्तन सक्रियण म्हणतात, म्हणजे आधी मन बरं होऊ दे मग उठू असं नाही, आधी उठून एक ठरलेलं छोटं काम, मन येईल मागनं रडतखडत. आणि पिठीचं एक बरं असतं, तिला सोडून जाता येत नाही. भात कुकरला लावून माणूस खिडकीत जाऊन रडत बसू शकतो, पिठी ढवळायचं थांबवलं की गुठळी होते नाहीतर तळाला लागते. ती पाच मिनिटं काका दुसरीकडे कुठे जाऊ शकत नव्हते.

आता वहीतल्या नोंदी ऐका, त्यांच्याच शब्दांत. "पहिली: गुठळ्या. गरम पाण्यात पीठ टाकले, चूक." "दुसरी: घट्ट. चमच्याने कापून खाल्ली." "तिसरी: सोलं जास्त. आंबट." "चौथी: चव बरी, पण दोन माणसांची झाली."

या चौथ्यावर आम्ही अख्खा तास बोललो. हात दोघांच्या मापाचाच चालत होता. उरलेली पिठी सकाळी दगड झालेली, ती बघून रात्रीपेक्षा वाईट वाटलं. एका माणसापुरतं किती हे माप त्या घरात कधी नव्हतंच, ते शोधायला त्यांना तीन आठवडे लागले. दोन मोठे चमचे पीठ, दोन वाट्या पाणी, एक सोल, लसणीच्या चार पाकळ्या. हेच ते प्रमाण जे बदलायचं नाही. मला ते सांगताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता, कारण एकट्याचं माप सापडणं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मुलीबद्दल पण लिहायला हवं, तिचं काही चुकत नव्हतं. तिनं नेटवर दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) वाचल्या होत्या आणि मला विचारत होती बाबा कितव्या पायरीवर आहेत, अजून किती बाकी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या, आणि जिना चढल्यासारखं कोणीच त्या चढत नाही. मला रोजच्या कामात जास्त पटतं ते श्ट्रोबे आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं, की माणूस हेलकावे खातो, थोडा वेळ दुःखात, थोडा वेळ गॅसचं बिल भरण्यात, आणि हे दोन्हीकडे जाणं-येणं चालू असणं हीच तब्येत बरी असल्याची खूण. एकीकडेच अडकून पडला तर काळजी. आणि वर्ष उलटलं तरी जवळजवळ रोज तीच ओढ, तीच धग, माणूस कशातच परतला नाही तर त्याला आता लांबलेलं दुःख म्हणून वेगळं निदान आहे, अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत २०२२ मध्ये आलं, त्यात मोठ्यांसाठी मुदत बारा महिन्यांची धरलीये. तिथे नुसती पिठी पुरणार नाही, नीट उपचार लागतात, लागल्या तर गोळ्याही. काका त्या उंबरठ्यावर होते, म्हणून मी त्यांना सायकायट्रिस्टलाही एकदा दाखवून घेतलं. गोळी नको, बघत राहू असं ते म्हणाले.

मुलीला मी एकच बदल सुचवला. साडेआठला "जेवलात का?" विचारायचं नाही. त्याला उत्तर हो किंवा नाही, आणि बाप "हो"च म्हणणार. "काय केलंत आज?" विचार. पहिल्या दिवशी काका म्हणाले "डबा", दोन दिवसांनी म्हणाले "पिठी केली, लसूण करपली." आणि मग ती पोरगी, जिला लहानपणी त्या वासानं मळमळायचं, ती फोनवर म्हणाली, "बाबा, मला पण सांगा ना कशी करायची." आईकडनं शिकायचं राहून गेलं हे तिचं स्वतःचं रडू बापाच्या वजनाच्या काट्यामागे लपलेलं होतं. ते माझ्याकडे नाही बाहेर आलं, त्या फोनवर आलं, एकीकडे पिठी ढवळताना.

आता काका महिन्यातनं एकदा येतात. वजन तीन किलो परत आलंय, कवळी नवीन आहे, डबा बंद केलाय, आमटी शिकतायत पण ती काही जमत नाही म्हणतात. परवा मी विचारलं, काका, पिठीसोबत काय घेता, बांगडा मिळतो का हल्ली? म्हणाले, बांगडा मिळतो, लोणचं असतं, कधी कच्चा कांदा.

"पापड?"

"पापडाचं पाकीट आणून ठेवलंय," ते म्हणाले. "भाजलेलं नाही अजून."

मी म्हटलं, राहू दे.