येऊरच्या नाक्यावरून परतलेल्या एका सायकलपटूस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहाटे सहाला ठाण्याजवळच्या येऊर जंगलाच्या नाक्यावर वनरक्षकाने तुम्हा चौघांना माउंटन बाइकसह परत पाठवले आणि नेमक्या त्याच वेळी पाठीवर क्रॅश पॅड, म्हणजे खडकावर चढताना खाली अंथरायची जाड गादी, बांधलेली तीन मुले शेजारून आत गेली, याचा तुला आलेला राग मी समजू शकतो. परंतु आता सायकलवाल्यांनी प्रवेशासाठी वनखात्याकडे आपला स्वतंत्र अर्ज द्यावा आणि क्लाइंबिंग करणारे जंगलात काय काय करतात तेही त्यात नमूद करावे, असे तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस. ते वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण तसा अर्ज मी स्वतः एकदा देऊन चुकलो आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या परिसरातील एका टेकडीवर आमचा प्रस्तरारोहणाचा सराव चाले, आणि त्याच उतारावर पळणारे व सायकल चालवणारेही येत. एका मुलाचा पाय मोडला, तक्रार झाली, आणि संबंधित कार्यालयाने सर्वांना आपापले म्हणणे लेखी द्यायला सांगितले. दोरामुळे जमिनीला काहीही इजा होत नाही, खरी धूप सायकलींच्या चाकांनी होते, असे आम्ही आमच्या निवेदनात लिहिले. सायकलवाल्यांनी त्यांच्या निवेदनात खडकात खिळे ठोकून टेकडी विद्रूप करणारे म्हणून आमच्याकडे बोट दाखवले. दोन्ही निवेदने एकाच फाइलला लागली. आमच्याविरुद्ध पुरावा गोळा करण्याचे कष्ट कोणाला पडलेच नाहीत, तो आम्हीच सह्यांनिशी नेऊन दिला होता आणि वर आवक क्रमांकाची पोचही घेतली होती. महिन्याभरात पायवाटेवर काटेरी तार आली. त्यानंतरची कित्येक वर्षे दोन्हीकडची मुले मागच्या बाजूने, अधिक धोक्याच्या वाटेने, लपूनछपून जात राहिली. ती तार आठवली की मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझे सांगणे असे आहे की अर्ज एकच असावा, त्यावर सायकलवाले, क्लाइंबर, ट्रेल रनर आणि पक्षिनिरीक्षक या सर्वांच्या सह्या असाव्यात, आणि त्यात प्रत्येकाने आपल्यामुळे होणारे नुकसान आपल्याच शब्दांत लिहावे. दुसऱ्याचे नुकसान लिहिण्याची मुभा कोणालाही नसावी. हे ऐकायला सोपे वाटते, पण लिहायला बसाल तेव्हा पहिली वादावादी इथेच होईल.

नुकसान लिहायचे तर ते आधी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. एका रविवारी तुम्ही सर्वांनी, सायकली घरी ठेवून, सध्या जिथे सर्वांना जाता येते अशी एखादी वाट मिळून चालावी. तीव्र वळणावर मागचे चाक लॉक करून सायकल घसरवली की मातीत वीतभर रुंदीची चारी पडते, आणि जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात त्याच चारीतून पाणी धावून तिचा ओहळ होतो. वळण टाळण्यासाठी सायकलवाले जो आडवा शॉर्टकट काढतात, तो बहुधा कारवीतून जातो. आठ वर्षांतून एकदाच फुलणारी ही कारवी २०१६ मध्ये फुलली आणि पुन्हा २०२४ मध्ये, म्हणजे आज मोडलेल्या झुडपाने फुलायचे कधी, हा हिशेब तूच कर. क्लाइंबरांनी आपल्या शिळेजवळ उभे राहून पकडीसाठी हाताला लावलेल्या चॉकच्या भुकटीचे खडकावर राहिलेले पांढरे ठसे मोजावेत, क्रॅश पॅडखाली चेपलेले गवत पाहावे, आणि वरच्या कपारीत घुबडाचे घरटे आहे का हे पक्षिनिरीक्षकांकडून समजून घ्यावे. हे सर्व एकमेकांच्या देखत पाहिले, की दुसऱ्यावर आरोप करण्याची ओढ बरीच ओसरते.

आता कायद्याविषयी. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या तीन बाजूंना शहर आहे, आणि आत बिबट्यांचा वावर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो ते सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी असलेले कायदेशीर काम ही त्यातली मुख्य कारणे आहेत, आणि हीच तरतूद कलम ३५ अन्वये राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. या कारणांत खेळाचा उल्लेख नाही. त्यामुळे 'आम्हाला सायकल चालवण्याचा हक्क द्या' असे लिहिलेस, तर समोरचा अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. तीच मागणी पर्यटनाच्या चौकटीत, ठरलेल्या वाटेपुरती आणि ठरलेल्या वेळेपुरती मांडलीस, तर निदान विचार करण्यासारखा कागद त्याच्यापुढे येतो. नवी मुंबईतील मित्रांना आणखी एक गोष्ट सांग: तिथे एकाच टेकडीचा पायथा सिडकोचा आणि माथा वनखात्याचा असू शकतो, तेव्हा सातबारा पाहिल्याशिवाय अर्ज कोणाच्या नावे लिहायचा हे ठरवू नये.

परवानगी मिळवण्यापेक्षा ती टिकवणे अवघड असते, याचे एक उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एल कॅपिटन नावाचा सुमारे ३,००० फुटांचा कडा आहे. तेथून पॅराशूट घेऊन उडी मारण्यास १९८० मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, आणि उडी मारणाऱ्यांनी नियम मोडल्याचे कारण देऊन उद्यान प्रशासनाने ती त्याच वर्षी बंद केली. त्याच उद्यानात ग्लेशियर पॉइंटवरून हँग ग्लायडिंग, म्हणजे मोठ्या पंखाला लटकून हवेत तरंगणे, मात्र अनेक दशके चालू राहिले, कारण तेथील वैमानिकांनी सकाळची ठराविक वेळ, उतरण्याचे ठराविक कुरण आणि अनुभवाची अट पाळली. उद्यान तेच आणि हवाही तीच, तरी एकाला दार उघडे राहिले आणि दुसऱ्याला बंद झाले.

एकत्र येण्याचे उदाहरणही तिकडेच आहे. कॅलिफोर्नियात पायवाटांवर माउंटन बाइकना बंदी होऊ लागली, तेव्हा तेथील काही सायकल क्लबांनी १९८८ मध्ये मिळून आपली संघटना उभारली. क्लाइंबरांची ॲक्सेस फंड ही संस्था १९९१ मध्ये स्वतंत्रपणे उभी राहिली. पुढे या दोन्ही संस्था, नदीत कयाक चालवणारे आणि बर्फावर स्कीइंग करणारे असे सगळे आउटडोअर अलायन्स या एकाच छत्राखाली सरकारशी बोलू लागले. यांचेही आपसांत पुष्कळ वाद आहेत, पण ते आपल्या घरात भांडतात आणि सरकारी टेबलावर एकच कागद ठेवतात. आपल्याकडेही २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीच्या शिळांवर चढण्याची, जागतिक स्पर्धा नवी मुंबईत झाली ती येथील गिर्यारोहकांनीच वर्षानुवर्षे खपून उभी केली होती, तेव्हा आपल्या लोकांना संघटन जमत नाही असे कोणी म्हटले तर ते मी मानत नाही.

मागणी लहान ठेव. एकच वाट, शनिवार-रविवार, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरू आणि दहाच्या आत बाहेर, आणि एका वेळी किती जण ते आकड्यात लिहिलेले. पहाटे आणि संध्याकाळी बिबट्याचा वावर अधिक असतो, म्हणून हेडलॅम्प लावून रात्री जायचे नाही, हे तुम्हीच लिहून द्या. जून ते सप्टेंबर सायकली पूर्ण बंद ठेवण्याचे स्वतःहून कबूल करा, कारण ओल्या मातीवर कोणतीही सायकल निरुपद्रवी नसते. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात माणसे बुडाली आणि बंदी आली, हे अधिकाऱ्यांच्या मनात ताजे असते. ते तुमच्याकडेही त्याच नजरेने पाहतात. म्हणून दर शनिवार-रविवारी नाक्यावर तुमचाच एक स्वयंसेवक नोंदवही घेऊन बसेल, आत गेलेला शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय तो घरी जाणार नाही, हे आश्वासन कागदावर असू दे, आणि ते पाळण्याची तयारी असेल तरच असू दे.

या सगळ्याआधी एक गोष्ट करायची आहे आणि तिला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. येऊरमध्ये वारल्यांचे पाडे आहेत. ज्या पायवाटेला तुम्ही ट्रेल म्हणता, ती त्यांची रोजची वाट आहे. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतारावरून येणाऱ्या बाईला बाजूला व्हायला जागा नसते, तिची मान वळत नाही, आणि मागून वेगात आलेली सायकल तिला ऐकूही येत नाही. मी एकदा अशा बाईला दचकून मोळीसकट बसताना पाहिले आहे. सायकलवाला पोरगा मागे वळून 'सॉरी' म्हणाला आणि निघून गेला. पाड्यातील वडीलधाऱ्यांकडे बसून, चहा घेऊन, वाटेवर माणूस दिसला की सायकलवरून उतरून चालायचे हा नियम त्यांच्या समोर ठरवा. त्यांची हरकत असलेली वाट अर्जात येऊच नये, भले ती सर्वांत सुंदर असो.

अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर रागाने न जाता पुन्हा तेच पाचसहा जण भेटायला जा. त्या तीन क्लाइंबर मुलांचा पत्ता मी काढला आहे. ती लोकमान्यनगरची आहेत आणि तुमच्याबरोबर बसायला तयार आहेत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता त्यांना मी घरी बोलावले आहे. तुम्हीही चौघे या, कोरे कागद आणा, आणि पहिले पान सायकलींमुळे होणाऱ्या नुकसानीचे, तुझ्या हस्ताक्षरात लिहिलेले असू दे.

कळावे, लोभ असावा.