घाटात गाडी गरम झाली आणि सहल बुडाली. घरचे म्हणतात एसी लावल्यामुळे. खरंच तसं होतं का?

नुसत्या एसीमुळे नाही. तुमच्याकडे हे कोण म्हणतं माहीत नाही, आमच्याकडे माझे दीर म्हणतात. अजूनही.

मे महिन्यात ठाण्याहून गुहागरला निघालो होतो. कशेडी घाटातला बोगदा तेव्हा नव्हता. पोलादपूर सोडलं आणि ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चढ सुरू झाला. गाडी खचाखच, वर कॅरिअरला बॅगा. माझे वडील एसटीत चालक, त्यामुळे मागे बसूनही माझी नजर इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर. म्हटलं, "भाऊजी, काटा चढतोय, बाजूला घ्या." तर म्हणे, "वहिनी, तुम्ही खायला काय आणलंय ते काढा. घाट उतरलो की थांबू."

उतार आलाच नाही. बॉनेटमधून वाफ! त्यावर भाऊजी रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी अक्षरशः हात धरला. गरम असताना झाकण काढलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मेकॅनिकने ऑइल तपासायची कांडी काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, उडालं होतं. गाडी टो करून महाडला गेली आणि आम्ही सासूबाईंसकट एसटीने ठाण्याला, मांडीवर मुलांच्या फुगवलेल्या ट्यूब. खोलीचा ॲडव्हान्स बुडाला तो वेगळाच.

"कूलंट म्हणजे रंगीत पाणी, पैसे उकळायचे धंदे" असं म्हणत, इंजिन थंड ठेवणाऱ्या या द्रवाऐवजी आमच्या घरात दोन वर्षं नळाचं पाणी भरलं जात होतं. साधं पाणी लवकर उकळतं, आत गंज आणि क्षार साठतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल आणि झाकण दाब धरत असेल तर १२० अंशांपर्यंतही उकळी येत नाही. एसीने भार वाढतो, मान्य. पण रेडिएटर आणि पंखा धड असेल तर मे महिन्यातही एसी लावून घाट चढता येतो.

काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नको. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या हेल्पलाइनला फोन लावा. काही नव्या गाड्यांना काटा नसतो, लाल दिवा लागतो. तो लागला की तिथेच थांबायचं.

आणि एसीला दोष देणाऱ्यांना इंजिन थंड असताना कूलंटची टाकी उघडून आतला रंग दाखवा. आमच्या टाकीतलं पाणी विटकरी होतं. भाऊजी तेव्हा सिगरेट आणायला गेले होते.