घरीच जपानी शिकताना प्रगती होतेय की नाही हे कसं मोजायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की घरीच जपानी शिकताय, वर्ष होत आलं, ॲपवरची स्ट्रीक एक दिवस तुटू दिली नाही, तरी पुढं चाललो का तिथंच आहो हे समजत नाही. स्ट्रीक मोजणं आजच बंद करा. ती नुसती हजेरी आहे, अन् हजेरीबुकात रोज नाव लागलं म्हणून कोणतं पोट्टं पास झालं? कांजी म्हणजे जपानीत वापरतात ती चिनीवरून आलेली अक्षरं, त्यांच्या आकड्याचंही तेच. जोयो कांजी, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या, 2136 आहेत, त्यातल्या इतक्या पाठ झाल्या म्हणून सांगणारे पाहिलेत मी, चार ओळींची बातमी समोर ठेवली की अडकतात.

मी आर्वी तालुक्यातला, क्लास वगैरे इकडं काही नाही. रब्बीत थ्री फेज लाइन रात्रीच येते, चण्याला ओलित करायला वावरात जावंच लागते, मग मोटर सुरू करून धुऱ्यावर बसायचं अन् कानात इअरफोन टाकायचा. एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्या, सावकाश वाचलेल्या, मजकुरात कांजीच्या डोक्यावर हिरागाना, म्हणजे उच्चाराप्रमाणं लिहायची साधी अक्षरं, दिलेली. बातमी थांबवत थांबवत ऐकायची, जे कानावर पडलं ते हिरागानात वहीत उतरवायचं, मग मजकूर उघडून सुटलेलं लाल पेनानं भरायचं. अन् तीच बातमी तीन-चार महिन्यांनी परत, जुनं पान न पाहता. माझ्या पहिल्या पानांवर निळ्यापेक्षा लाल जास्त, लांब स्वर सगळे आखूड लिहिलेले, शब्दाला जोडून येणारे वा, गा, नि तर बहुतेक गायबच. त्याच बातमीच्या दुसऱ्या पानावर लाल उरलं ते माणसांच्या अन् गावांच्या नावांपुरतं. ही दोन पानं शेजारी ठेवली की प्रगती डोळ्यांनी दिसते, कोणाला विचारायची गरजच नाही.

आमचा चुलतभाऊ पुण्यात क्लास करून जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन फोर लेव्हल पास झालेला, दरवर्षी दिवाळीत सगळ्यांसमोर एकच, "तुही लेव्हल कोणती? कागद दाखव, घरी बसून जपानी येत असती त क्लासवाले उपाशी मेले असते." मागच्या दिवाळीत मी वह्या आणून ओसरीवर ठेवल्या अन् म्हटलं कोणतीही नवीन बातमी तूच लाव, दोघंही लिहू. त्यानं लावली. पावसाची बातमी होती. तिसऱ्या वाक्याला त्याचा पेन थांबला, मी शेवटपर्यंत लिहिलं, मजकुराशी जुळवून त्यालाच तपासायला लावलं. मोठी आई म्हणाली, "आता त मान न रे बापा!" त्यानं नाही मानलं, म्हणे परीक्षेत असं विचारत नाहीत.

बरोबर आहे, नाहीच विचारत, अन् माझं म्हणणं तेच आहे. जेएलपीटीत सगळे पर्यायाचे प्रश्न, बोलायचं काही नाही, लिहायचं काही नाही. एन फोरला 180 पैकी 90 लागतात, त्यात ऐकण्याच्या 60 पैकी 19 आले तरी पास. म्हणजे ऐकण्यात कच्चा माणूसही सर्टिफिकेट घेऊन फिरू शकतो, अन् असे फिरतात म्हणूनच घरी शिकणाऱ्याला हे लोक मोजत नाहीत.

बोलण्याचं म्हणाल तर दर महिन्याला एकाच विषयावर, आपल्या गावावर म्हणा, दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा अन् जुनं रेकॉर्डिंग ऐका, अडखळणं कमी झालं का ते लगेच कळते. माझं स्वतःचं बोलणं अजून ऐकण्याच्या मागं आहे, म्हणून यावर जास्त सांगत नाही.

अन् हो, तिकडं कामाला जायचं असेल तर कागदाशिवाय भागत नाही. स्पेसिफाइड स्किल्ड वर्करच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्रातल्या कुशल कामगाराच्या व्हिसाला बहुतेकांना एन फोर नाहीतर जेएफटी बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा पास दाखवावीच लागते. तेव्हा चुलतभावासारख्यांना उत्तर द्यायला म्हणून नाही, पण व्हिसासाठी परीक्षेचा फॉर्म जरूर भरा. जेएलपीटी जुलै अन् डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे एक पेरणीच्या धामधुमीत अन् दुसरी कापूस वेचणीत, त्यामुळं घरी आधीच सांगून ठेवा.